वॉर्डात न आलेली मुलं

वाचकाचं पत्र

मॅडम, मी अकरा वर्षं बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. वर्षातल्या ठरावीक महिन्यांत आमचा वॉर्ड जुलाबाच्या मुलांनी भरून जातो. सलाइन लावतो, मूल टवटवीत होतं, घरी जातं. त्यातली काही दोन महिन्यांत परत येतात. बहुतेक आया सांगतात, ‘ओआरएस पाजलं होतं, तरी असं झालं.’ मग वाटतं, घरी ओआरएस देऊन काही उपयोगच होत नाही का? हे सगळं बाहेरच थांबवता यावं म्हणून सार्वजनिक आरोग्यात पुढचं शिक्षण घ्यायची इच्छा आहे. पण गणित दहावीनंतर सुटलं, संख्याशास्त्राचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. वॉर्डातले डॉक्टर म्हणतात, ‘ज्यांना क्लिनिकल जमत नाही ते तिकडे जातात. जन्मभर रिपोर्ट भरत बसाल.’ घरी सात वर्षांचा मुलगा आहे. दोन वर्षं नोकरी बाजूला ठेवून शिकावं की ऑनलाइन काही करावं, ठरत नाही. माझं वय ३४. उशीर झाला का?

– एक परिचारिका

प्रिय सिस्टर,

उशीर झालेला नाही. या विषयाच्या वर्गात चाळिशीतले विद्यार्थी नेहमी असतात, आणि अकरा वर्षं वॉर्डात काढलेला विद्यार्थी असे प्रश्न विचारतो की शिकवणाऱ्याला घरून तयारी करून यावं लागतं. वयाचं एवढंच.

बाकीच्या अडचणींकडे येते, पण आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबायचं आहे. ‘ओआरएस पाजलं होतं, तरी असं झालं.’ दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा गाभा या वाक्यात आहे, म्हणून जरा हिशोब मांडून बघू.

समजा, एका वस्तीत १०० मुलांना जुलाब झाले. ८० घरांत पहिल्या दिवसापासून ओआरएस पाजलं, २० घरांत नाही पाजलं. पाजलेल्या ८० पैकी ८ मुलं सुकली आणि तुमच्याकडे आली. न पाजलेल्या २० पैकी ६ आली. वॉर्डात आता १४ मुलं आहेत आणि त्यातल्या आठांच्या आया म्हणणार, पाजलं होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त. खाटांच्या मधून फिरणाऱ्या सिस्टरला वाटणारच की ओआरएसचा काही उपयोग नाही. पण वस्तीत घरोघर फिरलेल्या माणसाला वेगळंच दिसेल: पाजलेल्यांत दहातलं एक मूल दवाखान्यात गेलं, न पाजलेल्यांत दहातली तीन गेली. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, त्यांना दुसरा अर्थ नाही. पण पाजल्यावर घरीच बरी झालेली ती ७२ मुलं तुम्हाला कधी भेटलीच नाहीत, हे मात्र अगदी खरं आहे.

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. वॉर्डात आपल्या नजरेला पडतो तो अंश. छेद, म्हणजे जुलाब झालेली सगळी मुलं, इमारतीच्या बाहेर राहतो. सामुदायिक वैद्यक म्हणा, सार्वजनिक आरोग्य म्हणा, या शिक्षणात सगळ्यात आधी लागते ती छेद शोधत बाहेर पडायची सवय. आणि ही चूक फक्त सिस्टरांची होते असं समजू नका. अमेरिकेतले डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये याच जातीचा एक सापळा दाखवून दिला: फक्त दाखल झालेल्या रुग्णांकडे बघून दोन आजारांचा संबंध काढायला गेलं, तर मुळात नसलेला संबंधही ठळकपणे दिसू शकतो. मोठमोठे प्राध्यापक त्यात आजही अडकतात.

ओआरएसचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धात निर्वासितांच्या शिबिरांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या शिबिरात सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटं करवून घेतली, पिंपांत द्रावण तयार केलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. आधी २० ते ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. महालनबीस बालरोगतज्ज्ञ होते. सुई टोचणं हे त्यांचं रोजचं काम होतं. तरी त्या दिवसांत त्यांनी उपचार प्रशिक्षित हातांतून काढून आईच्या हातात दिला. तुम्हाला जे ‘बाहेरच थांबवायचं’ आहे, त्याची वाट अशीच असते.

आता गणित. तुम्ही रात्री तीन वाजता प्लॅन सी, म्हणजे फार सुकलेल्या मुलाला शिरेतून सलाइन, लावता. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर किलोमागे ३० मिली पहिल्या तासात, ७० मिली पुढच्या पाच तासांत. मोठं मूल असेल तर तेच ३० मिली अर्ध्या तासात आणि ७० मिली अडीच तासांत. मग थेंबांचा वेग काढता, तोही रडणाऱ्या मुलाचा हात धरून. ज्या बाईला हे जमतं तिला दर हजारी दर, जोखमीचं गुणोत्तर, नमुना किती मोठा घ्यायचा हे जमणार नाही, असं मला कुणी सांगितलं तर मी मानणार नाही. अभ्यासक्रमात याच्या पुढचंही असतं: विश्वासांतर, पी-व्हॅल्यू काय सांगते आणि काय सांगत नाही, रिग्रेशनचं कोष्टक कसं वाचायचं. आकडेमोड संगणक करतो. एपी इन्फो आणि आर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आजपासून उघडून बघता येतील. पहिलं सत्र जड जाईल, मोठी माणसं शाळकरी मुलांसारखी एकमेकांना गणितं समजावतात, आणि दुसऱ्या सत्रात भीती बरीच उतरलेली असते. हे मी खूप विद्यार्थ्यांत बघितलं आहे.

सूत्रं तशी सोपी असतात. कुणाला मोजायचं हे ठरवणं अवघड असतं. यातली माझी पहिली चूक मी विसरलेले नाही. शिकत असताना लसीकरणाचं सर्वेक्षण मिळालं होतं. पद्धत जुनी आणि नावाजलेली: ३० क्लस्टर, म्हणजे निवडलेल्या वस्त्या किंवा गावं, प्रत्येकात ७ मुलं, एकूण २१०. मी सकाळी दहाला निघायचे. कुलूप असेल ते घर सोडून पुढच्या घरी जायचे, कारण सातांचा आकडा भरायचा होता. निष्कर्ष सुंदर आला, जवळजवळ सगळ्यांचं लसीकरण पूर्ण. आमच्या सरांनी कागद बघितला आणि विचारलं, ‘बंद दारांचं काय केलंस?’ संध्याकाळी सातनंतर मी त्याच घरांत परत गेले. ज्या घरांत आई-वडील दोघंही दिवसभर कामाला जात, तिथली मुलं होती ती. लस चुकलेली मुलं तिथेच निघाली. माझी बेरीज, भागाकार, टक्केवारी, सगळं बरोबर होतं. मुलंच चुकीची मोजली होती. तेव्हापासून कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी कोण सुटलंय ते शोधते.

लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांचं नाव तुम्ही नर्सिंगला असताना ऐकलं असेल, १८५४ च्या कॉलऱ्यात दूषित पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला ती गोष्ट. मला त्यांचा दुसरा अभ्यास जास्त मोठा वाटतो. १८५४ मध्येच दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवत होत्या, आणि एकाच गल्लीत शेजारशेजारच्या घरांत वेगवेगळ्या कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपलं पाणी घेण्याचं ठिकाण टेम्स नदीत वरच्या अंगाला, शहराच्या सांडपाण्यापलीकडे हलवलं होतं. सदर्क अँड वॉक्सॉल कंपनी मात्र शहरातलंच गढूळ पाणी देत होती. स्नो कॉलऱ्याने मृत्यू झालेल्या घरी जाऊन विचारत, पाणी कुणाचं? पुष्कळांना माहीतच नसे. मग ते पाण्याचा नमुना घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकत. शहरातल्या पाण्यात मीठ जास्त, त्यामुळे साका दाट बसे. अशी एकेका घराची कंपनी ठरवली आणि मग मांडणी केली: सदर्क अँड वॉक्सॉलची ४०,०४६ घरं, मृत्यू १,२६३. लॅम्बेथची २६,१०७ घरं, मृत्यू ९८. दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५, दुसरीकडे ३७. नुसते मृत्यू मोजले असते तर कुणीही म्हणालं असतं, एका कंपनीची घरंच जास्त आहेत, मृत्यू जास्त असणारच. छेद मांडल्यावर ते म्हणता येईना. यात भागाकारापलीकडचं गणित नाही. बाकीचं काम पायांनी केलेलं आहे.

आणि हे स्नो व्यवसायाने भूल देणारे डॉक्टर होते. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिलं ते त्यांनीच. ‘क्लिनिकल जमत नाही ते तिकडे जातात’ म्हणणाऱ्या तुमच्या डॉक्टरांना हे जरूर सांगा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचंही सांगा. दिवा घेऊन फिरणारी बाई एवढीच त्यांची ओळख आपल्या कॉलेजात करून दिली जाते याचं मला फार वाईट वाटतं. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने आजारांनी मेले, हे त्यांनी रंगीत आकृत्या काढून सरकारसमोर ठेवलं. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य. एका परिचारिकेने संख्याशास्त्राला घाबरावं असं आपल्या व्यवसायाच्या इतिहासात काहीच नाही.

तरी त्या डॉक्टरांच्या बोलण्यात थोडं खरंही आहे, ते मी लपवणार नाही. रिपोर्ट असतात, भरपूर असतात, आणि त्यातले पुष्कळ वर जातात आणि परत येत नाहीत. शिक्षण घेतल्यावर कागद कमी होत नाहीत. पण कुठल्या रकान्यातला आकडा मागच्या महिन्याहून वेगळा आहे, तो आजार वाढल्यामुळे की नवीन सिस्टर नीट नोंदवायला लागली म्हणून, हे विचारायची नजर येते. दुसरी गोष्ट जास्त जड आहे. वॉर्डात मूल डोळे उघडतं, आई तुमचा हात धरते. या कामात तो हात नसतो. जे मूल आजारी पडलंच नाही त्याच्या आईला तुमचं नावही माहीत नसणार. जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात हे फार स्वच्छ मांडलं: हा माणूस आजारी का पडला आणि या समाजात हा आजार इतका का आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधून काढलेला उपाय सगळ्यांचं मिळून खूप भलं करतो, पण एकेकाला त्याचा फायदा इतका थोडा होतो की तो जाणवतही नाही. अकरा वर्षं आयांचे चेहरे बघितलेल्या बाईला हे सोडणं सोपं जाणार नाही. मलाही गेलं नव्हतं. दोन वर्षं मी रविवारी वॉर्डात जाऊन बसत असे.

छेद हाती आल्यावर काय होऊ शकतं याचं एक उदाहरण, कारण ते नवजात बाळांचं आहे आणि तुम्हाला जवळचं वाटेल. अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन गडचिरोलीत आलं. त्यांनी आधी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवायची व्यवस्था उभी केली, रुग्णालयाने कधीच न पाहिलेली बाळंसुद्धा मोजली. मग ३९ गावांत तिथल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं, आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा, की तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. मोजणी इतकी पक्की नसती तर त्या बायकांच्या कामावर जगाने विश्वास ठेवला नसता.

आता कुठला कोर्स. डॉक्टरांसाठी सामुदायिक वैद्यकाचा विशेषज्ञ अभ्यासक्रम वेगळा असतो, तो सोडून द्या. तुमच्यापुढे साधारण तीन वाटा आहेत. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, बहुतेक ठिकाणी परिचारिका, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट अशा सगळ्यांना खुलं असतं. त्यात साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, पर्यावरण आणि आरोग्य, आरोग्य धोरण-व्यवस्थापन, आणि माणसाचं वर्तन-समाज असे पाच खांब असतात. नर्सिंगमधलीच सामुदायिक आरोग्य परिचर्येची पदव्युत्तर पदवी ही दुसरी वाट, शिकवायचं असेल किंवा नर्सिंगमध्येच बढती हवी असेल तर तीच सोयीची. तिसरी, क्षेत्रीय साथरोगशास्त्राचं प्रशिक्षण. याची सुरुवात अमेरिकेत १९५१ मध्ये अलेक्झांडर लँगम्युर यांनी केली. त्या सेवेचं बोधचिन्ह आहे झिजून भोक पडलेला बुटाचा तळवा. तिथे वर्ग थोडा आणि साथीत जाऊन काम फार. दोन वर्षांचं पूर्ण प्रशिक्षण असतं, आणि नोकरीत राहून करता येण्यासारखं तीन महिन्यांचंही पुष्कळ देशांत चालतं.

तुमचं पत्र तीनदा वाचून माझं मत असं झालं आहे की तुम्ही शेवटी एमपीएचच करावं, पूर्णवेळ, पण या वर्षी नाही. या वर्षी नोकरीत राहून तीन महिन्यांचं क्षेत्रीय प्रशिक्षण किंवा साथरोगशास्त्र आणि जीवसांख्यिकीचा एखादा छोटा ऑनलाइन कोर्स करा. ऑनलाइन शिक्षणाला मी नावं ठेवत नाही, संख्याशास्त्र तर व्हिडिओ थांबवून थांबवून शिकलेलंच बरं. पण दारावर थाप मारणं, नकार ऐकणं, संध्याकाळी परत जाणं हे पडद्यावर शिकता येत नाही, आणि ज्या पदवीत त्याला जागा नाही ती पदवी तुमच्या ओआरएसच्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. मुलगाही तोवर वर्षाने मोठा होईल. क्षेत्रकार्याचे आठवडे कुठल्या महिन्यांत येतात, मुक्काम करावा लागतो का, हे आधीच विचारून घरच्यांशी वाटणी ठरवा. ‘बघू तेव्हा’ यावर हे सोडलं तर ओझं तुमच्यावरच पडेल.

संस्था निवडताना इमारत आणि जाहिरात बघू नका. आधीच्या तुकडीतल्या दोन-तीन परिचारिकांना गाठा आणि विचारा: क्षेत्रात किती आठवडे होता? बरोबर शिक्षक येत होते की नुसता सहीचा कागद? प्रबंधाला खरी माहिती स्वतः गोळा केली की कुणाची जुनी फाइल मिळाली? तुमच्या निष्कर्षाचं पुढे कुणी काही केलं का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरची व्यक्ती उत्साहाने बोलायला लागली तर ती संस्था चांगली आहे असं मी धरते. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. ही पदवी तुमच्या नर्सिंग परिषदेत आणि तुमच्या नोकरीच्या सेवानियमांत धरली जाते का, आणि अभ्यासासाठी रजा मिळाली तर परत येऊन किती वर्षांचं बंधपत्र द्यावं लागेल. तोंडी आश्वासनावर राजीनामा दिलेल्या दोन मुली मला माहीत आहेत. दोघींचे पुढचे दिवस फार कठीण गेले.

एक काम उद्यापासून करता येईल. मेट्रन आणि विभागप्रमुखांची परवानगी घ्या आणि तीन महिने एक वही ठेवा. मुलाचं नाव लिहायचं नाही. वय, जुलाब कधी सुरू झाले, ओआरएस त्यानंतर किती तासांनी दिलं, घरी पाणी कुठून येतं, रोटाव्हायरसची लस झाली का, झिंकचं औषध सांगितलेले सगळे दिवस दिलं का, आधी दाखल होतं का. आणि हे आईला न टोकता विचारा: एक पाकीट किती पाण्यात कालवलं, आणि बाळाने दिवसभरात किती प्यायलं? लिटरभर पाण्यासाठीचं पाकीट पेल्यात कालवलेलं मी कितीदा तरी बघितलं आहे. ते द्रावण इतकं खारट होतं की मूल पीत नाही, आणि प्यायलं तर अपायच होतो. चार घोट पाजून थांबलेल्या आयाही तितक्याच. ‘पाजलं होतं’ या शब्दांत यातलं काहीही असू शकतं.

मग तुमच्या भागात घरोघर जाणाऱ्या आरोग्य सेविकेबरोबर एका सुटीच्या दिवशी निघा आणि गेल्या दोन आठवड्यांत जुलाब होऊनही दवाखान्यात न आलेली दहा मुलं शोधा. दोन आठवडेच विचारा, त्यामागचं आयांच्या नीट लक्षात राहत नाही, म्हणून मोठी सर्वेक्षणंही तेवढंच विचारतात. त्यांनाही तेच प्रश्न, त्याच क्रमाने. दार बंद असेल तर वेळ लिहून ठेवा आणि संध्याकाळी परत जा.

दहा मुलांवरून काही सिद्ध होणार नाही. पण वॉर्डातली पानं आणि ही दहा पानं शेजारी ठेवून मला पुन्हा पत्र लिहा. पाकीट किती पाण्यात कालवलं, तो रकाना मी सगळ्यात आधी वाचेन.